एलादियोच्या नावानं

फेर्मिननं फोन उचलला तेव्हा त्याच्या हातांना अजून लाँड्रीतल्या सोड्याचा वास येत होता. पलीकडून कुणीतरी खरखरत्या आवाजात विचारलं, "ओर्केस्ता ला केब्रादाचे एलादियो इथेच राहतात ना?"

कुणीतरी थट्टा करतंय असं फेर्मिनला वाटलं. ला केब्रादा हे नाव तोंडातून काढणारं माणूस न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आता उरलं नव्हतं. पोर्तो रिकोत त्यांच्या गावामागून एक ओढा वाहायचा. त्या ओढ्याचंच नाव बँडला द्या, असं आईनं सुचवलं होतं. थोरला भाऊ एलादियो गायचा, धाकटा फेर्मिन ट्रॉम्बोन वाजवायचा आणि बाकीची गल्लीतलीच मंडळी. पियानोवाला दिवसा टॅक्सी चालवायचा, कोंगा वाजवणारा खाटकाच्या दुकानात होता. लग्नं, बारशी, तळघरातले क्लब. मोठ्या बँडच्या पोस्टरवर अगदी खाली यांचं नाव यायचं, तेही छापणाऱ्याच्या लक्षात राहिलं तर. एकोणसत्तर साली एका लहान कंपनीनं त्यांची एकच तबकडी काढली. सगळी गाणी एका दिवसात उरकली. ती रेडिओवर लागली नाही, दुकानांत खपली नाही आणि पुढच्या वर्षी कंपनीचंच दिवाळं वाजलं.

"कोण बोलतंय?" फेर्मिननं विचारलं.

"नार्सिसो व्हिवास. कोलंबियातून, काली शहरातून बोलतोय. नाचाचे कार्यक्रम लावतो मी. तुमचा पत्ता शोधता शोधता नाकी नऊ आले हो! एलादियोंना द्या जरा फोन."

"एलादियो वारला," फेर्मिन म्हणाला. "मी त्याचा भाऊ. ट्रॉम्बोनवाला."

व्हिवास म्हणाला, "अरेरे. देव त्याला शांती देवो. पण मास्तर, मग तुम्ही तरी या. डिसेंबरात जत्रा असते आमच्याकडे. इथे पोराटोरांना तुमची गाणी तोंडपाठ आहेत. बाकीचे वादक माझे."

फेर्मिन आईच्या खुर्चीत बसला. आई प्रार्थनेला गेली होती म्हणून बरं. तिच्यासमोर 'वारला' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एलादियो पातळ जाकीट घालून घराबाहेर पडला तो परत आला नाही. तोवर त्याच्या दंडावर नशेच्या सुयांची भोकं होती आणि आवाजाचं पार चिपाड झालं होतं. फेर्मिननं सगळी हॉस्पिटलं, सगळे तुरुंग पालथे घातले. शेवटी वसंतात शवागारातल्या माणसानं त्याच्यापुढे एक फोटो सरकवला. एका जळक्या, पडीक इमारतीत सापडलेला माणूस. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण तो एलादियोच होता. कुणी न्यायला न आल्यामुळे शहरानं त्याला जवळच्या समुद्रातल्या एका बेटावर नेऊन बेवारशांबरोबर पुरलंही होतं.

फेर्मिननं घरी येऊन आईला सांगितलं. आई, डोन्या प्रोव्हिदेन्सिया, तांदूळ निवडत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"फोटो बघून मेला म्हणतोस? मी काय फोटो बघून जन्म दिला होता त्याला?"

तिनं सुतकाचे काळे कपडे घातले नाहीत, मृतासाठीची नऊ दिवसांची प्रार्थना केली नाही. दर शनिवारी ती एलादियोच्या पलंगावरची चादर बदलायची आणि खोलीला परत कडी घालायची. शेजारणी सुरुवातीला समजूत काढायच्या, मग त्यांनीही नाद सोडला. सगळी इमारत तिला डोन्या प्रोवी म्हणायची आणि तिच्यासमोर थोरल्याबद्दल वर्तमानकाळातच बोलायची.

फेर्मिनही तसंच बोलायचा. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी वाफेच्या यंत्रातून काढायच्या, घरी आल्यावर आईशी 'एलादियोला हे आवडतं, ते आवडत नाही' असं बोलत जेवायचं. ट्रॉम्बोन पलंगाखाली पडून होता. अशा माणसाला कुणीतरी फोन करून 'मास्तर' म्हणालं. त्यानं लाँड्रीत दोन आठवड्यांची रजा टाकली. कालीला वाजवायला जातोय एवढंच आईला सांगितलं.

"एलादियो तिकडे असला तर?" आई म्हणाली.

"तिकडे कशाला असेल तो, आई?"

"उन्हाचा देश आहे. त्याला थंडी सोसत नाही." तिनं एलादियोचा एक सदरा घडी करून फेर्मिनच्या पेटीत ठेवला. फेर्मिननं तो काढून ठेवला नाही.

कालीच्या विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्याच भिंतीवर त्यानं पोस्टर पाहिलं. हाताएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: न्यूयॉर्कहून खुद्द एलादियो आणि ला केब्रादा!

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

व्हिवास हा बुटका, गोरटेला, घामानं डबडबलेला माणूस. त्यानं आधी फेर्मिनची पेटी गाडीत टाकली आणि मगच तोंड उघडलं. "पोस्टरं आधीच छापली होती हो, मास्तर. फोन केला त्याच्याही आधी. शहरभर लागली होती. आता काय सगळीकडे जाऊन खरवडत बसू? तबकडीच्या कव्हरवर तुमच्यापैकी कुणाचाच चेहरा नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे! माझा भाऊ मेलाय आणि तुम्ही—"

"मेलाय ते तुम्हाला माहीत. इथे तो रोज गातो. दर शनिवारी प्रत्येक गल्लीत गातो. त्यांना जाऊन सांगू, मेला म्हणून? सणासुदीला?"

फेर्मिन तावातावानं म्हणाला, "अहो, आवाज तरी ऐकलाय का त्याचा? तो गायचा तेव्हा रांजणातून बोलल्यासारखं वाटायचं. माझा आवाज म्हणजे पिपाणी. दुसऱ्या ओळीला बाटल्या फेकतील माझ्या अंगावर."

व्हिवास त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत राहिला. "रांजणातून? एलादियो?" तो हसला. "चला, आधी घरी चला."

घरी त्यानं फेर्मिनला थंड सरबत दिलं आणि तबकडी लावली. कव्हर सगळीकडून चिकटपट्ट्या लावून जपलेलं होतं. सुई टेकली आणि फेर्मिनच्या अंगावर काटाच आला. गाणं तेच होतं, ओढ्याला पूर येतो ते. पण सगळं धावत होतं. ढोल तडतडत होते, त्याचा स्वतःचा ट्रॉम्बोन कोंबड्यासारखा ओरडत होता. आणि त्यावर एक पातळ, उंच, लगबगीचा आवाज गात होता: 'ओढ्या रे, माझं घर तेवढं सोड.'

"तुमचं यंत्र बिघडलंय," फेर्मिन म्हणाला.

"बिघडलेलं नाही. लहान तबकड्यांच्या जलद वेगावर लावलंय. इथे सगळे असंच वाजवतात, पहिल्यापासून. तुमच्या तिकडच्या चालीवर आमचे पाय पेंगतात, मास्तर." व्हिवास बोटं वाजवत होता. "आता ऐका बरं नीट. हा आवाज कुणाचा आहे?"

फेर्मिननं ऐकलं. तो एलादियोचा आवाज नव्हता. तो जवळजवळ फेर्मिनचाच आवाज होता.

"खऱ्या वेगावर लावा," तो हळूच म्हणाला.

व्हिवासनं खटका सरकवला. सहा वर्षांनी त्याचा भाऊ त्या खोलीत आला. जड, सावकाश, शब्द तोंडात घोळवत. व्हिवासनं तोंड वाकडं केलं. "बघा. हे कोण ऐकणार? झोपायची वेळ झाल्यासारखं वाटतं."

फेर्मिननं ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं होकार दिला. का दिला, हे त्याला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. तिकिटं विकली गेली होती हे खरं, परतीचं तिकीट व्हिवासच्या हातात होतं हेही खरं. पण त्याला तिथे उभं राहायचं होतं, हेही तितकंच खरं होतं.

कार्यक्रम भर दुपारी उन्हात, पत्र्याच्या मोठ्या मांडवाखाली होता. स्थानिक वादक पोरसवदा, पण प्रत्येक सूर त्यांना पाठ. तोही धावता. फेर्मिन माइकपुढे आला तेव्हा हजारो माणसं एकदम 'एलादियो! एलादियो!' असं ओरडायला लागली आणि त्यानं मागे वळून पाहिलं. मग त्याला उमगलं की ते आपल्यालाच हाक मारताहेत.

तो गायला. पहिल्या कडव्याला आवाज थरथरला, पण मांडवानंच ओळ उचलून धरली. नाचणाऱ्यांचे पाय तर वेगामुळे दिसतच नव्हते. मधल्या भागात गायकानं ऐनवेळी ओळी जुळवायच्या असतात, तिथे फेर्मिनच्या तोंडून आईच्या गावच्या, ओढ्याच्या, पातळ जाकिटात हिवाळ्यात हिंडणाऱ्या माणसाच्या ओळी येत गेल्या. पुढच्या रांगेतली माणसं रडत होती. उतरल्यावर एका बाईनं आपलं पोर त्याच्या हातात दिलं. "याचं नाव एलादियो ठेवलंय. तुमच्यावरून." फेर्मिननं त्या पोराचा पापा घेतला. आपण आयुष्यात एवढे खूश कधी झालो नव्हतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं पोर घाईनं त्या बाईला परत दिलं.

तिथेच रेडिओवाल्यानं त्याच्या तोंडापुढे माइक धरला. "एलादियो, तुमचा ट्रॉम्बोनवाला भाऊ, फेर्मिन! त्याला नाही आणलंत?"

फेर्मिन गडबडला. जिवंत आहे म्हणावं तर का नाही आला, हा पुढचा प्रश्न तयारच होता.

"तो वारला," त्यानं सांगितलं. "हिवाळ्यात. सहा वर्षं झाली."

"अरेरे! एक मिनिट शांतता पाळू या, मंडळी," रेडिओवाला म्हणाला, आणि खरोखरच सगळा मांडव गप्प झाला. फेर्मिन मान खाली घालून उभा राहिला. कुणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

जत्रेत तो आणखी दोनदा गायला. जानेवारीत तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग होते. इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची ओफेलिया कचऱ्याची पिशवी घेऊन खाली येत होती. ती मूळची कोलंबियाची. फेर्मिनला बघून तिच्या हातातली पिशवी सुटली, सालपटं पायऱ्यांवर पसरली.

"अगं बाई गं! देवा!" तिनं छातीवर क्रूस काढला. "तू... तू तर मेलास ना रे!"

"काय बोलतेस, ओफेलिया?"

"माझ्या बहिणीनं फोनवर सांगितलं. कालीहून. ती गेली होती नाचाला. म्हणाली, तुमच्या वरच्या मजल्यावरचा एलादियो गायला, आणि रेडिओवर म्हणाला की भाऊ वारला. मी धावत वर जाऊन डोन्या प्रोवींना..." तिनं तोंडावर हात धरला. "मला काय ठाऊक रे, पोरा? मला वाटलं, तिकडेच काही झालं तुला."

फेर्मिन पुढचं ऐकायला थांबला नाही. तो जिना चढला. वरपर्यंत पास्तेलेसचा वास येत होता. केळीच्या पानांत बांधून उकडायचे ते पास्तेलेस आई फक्त नाताळात करायची, आणि नाताळ तर होऊन गेला होता. त्यानं दार वाजवलं.

आई काळ्या कपड्यांत होती. डोक्यापासून पायापर्यंत. तिनं त्याला पाहिलं, एक पाऊल मागे सरकली, मग दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. त्याचे कान, गाल, खांदे चाचपले.

"तू आहेस," ती म्हणाली. "तू जिवंत आहेस." ती रडायला लागली, त्याच्या छातीवर डोकं टेकून हुंदके देऊन रडली. आणि मग, रडता रडताच, तिनं त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं.

"एलादियो खाली आहे का? सामान आणतोय?"

फेर्मिननं दार लावून घेतलं. एलादियोच्या खोलीची कडी काढलेली होती. खिडकीला नवा पडदा, पलंगावर नवी चादर, उशाशी इस्त्री केलेले तीन सदरे.

"आई, बस."

"तो कुठाय ते आधी सांग."

"आई, तिथे गायला तो मी होतो."

त्यानं सगळं सांगितलं. पोस्टर, व्हिवास, रेडिओवाला. ती ऐकत राहिली, मग तिचा चेहरा कठोर झाला. "भांडलात तुम्ही दोघं. लहानपणासारखं. भांडून त्याला तिथेच सोडून आलास, आणि आता मला गोष्टी सांगतोस."

"आई, मी त्याचा फोटो पाहिलाय. सहा वर्षं झाली सांगतोय."

"आणि ओफेलियाच्या बहिणीनं त्याला जिवंत पाहिलंय! गाताना ऐकलंय!"

फेर्मिनच्या मनात इतका वेळ जे घुसमटत होतं ते बाहेर पडलं. "त्याचा मी पुरावा आणला तरी तू विश्वास ठेवला नाहीस. आणि माझ्यासाठी फोनवरचा एक शब्द पुरला तुला? लगेच काळे घातलेस?"

आईनं आपल्या काळ्या बाहीकडे पाहिलं. एक परत मिळतोय तर दुसरा द्यावा लागेल, असा काहीतरी हिशेब तिनं त्या आठवड्यात देवाशी मांडला होता आणि मान्यही केला होता. फेर्मिनला ते तिच्या तोंडावर दिसलं. तो हात वर करून म्हणाला, "बरं. राहू दे."

"गा," आई म्हणाली.

"काय?"

"तू गायलास म्हणतोस ना? मग गा. मला ऐकू दे."

कोट न काढता तो स्वयंपाकघरात उभा राहिला आणि गायला. ढोल नाही, ट्रॉम्बोन नाही. शेगडीवर पातेलं रटरटत होतं. 'ओढ्या रे, माझं घर तेवढं सोड.' कालीत गायला होता तसाच, धावता, उंच. अर्ध्यावर आईनं हात वर केला.

"हा तू आहेस."

"हो."

"आणि त्यांना हा एलादियो वाटला?"

"ते तबकडी भरभर फिरवतात, आई. तिथे त्याचा आवाज असाच ऐकू येतो."

"किती माणसं होती?"

"खूप. मांडव भरून."

"आणि एकही उठून म्हणाला नाही, की हा तो नव्हे म्हणून?"

"एकही नाही."

ती खुर्चीत बसली. टेबलावरच्या मेणकापडावरची रेघ बोटानं गिरवायला लागली. "म्हणजे तिथे त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "तो तिथे गेलाच नव्हता." मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "फोटोत डोळे उघडे होते का रे त्याचे?"

"मिटलेले होते."

"थंडीनं गेला?"

"थंडीनंच म्हणाले ते."

ती उठली, शेगडी बंद केली आणि एलादियोच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आतून जो आवाज आला तो फेर्मिननं आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खालून ओफेलिया धावत वर आली, तेव्हा त्यानं तिला दारातूनच परत पाठवलं. रात्री त्या पास्तेलेसना कुणी हात लावला नाही. नऊ दिवसांची प्रार्थना दुसऱ्या दिवशी सुरू झाली, सहा वर्षं उशिरानं. इमारतीतल्या बायका रोज संध्याकाळी येऊन बसत होत्या. थोरला गेल्याचं त्यांनी जणू नुकतंच ऐकलं होतं.

मार्चमध्ये आई म्हणाली, मला त्याच्याकडे ने. फेर्मिन तिला बसनं त्या धक्क्यावर घेऊन गेला, जिथून बेटाची बोट सुटायची. जाळीच्या फाटकापाशी पहारेकरी होता. माणूस वाईट नव्हता.

"नातेवाइकांना तिकडे सोडत नाहीत, बाई. फक्त तुरुंगातले कैदी जातात, कबरी खणायला."

"मी काही मागत नाही. नुसती उभी राहीन."

"नाही हो सोडता येत."

पाण्यापलीकडे एक सपाट, उघडं बेट दिसत होतं. दोन पडकी घरं आणि काही झाडं. "कुठल्या बाजूला आहे तो?" आईनं विचारलं. फेर्मिनला माहीत नव्हतं. "त्या झाडांपाशी," त्यानं ठोकून दिलं. आईनं थोडा वेळ त्या झाडांकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय म्हणून लवकर परत फिरली. त्यानंतर तिनं तिथे न्यायला कधी सांगितलं नाही. तिचं खाणं कमी झालं. चादर बदलायचं काम राहिलं नाही, त्यामुळे शनिवारी ती खिडकीपाशी नुसती बसून असायची. फेर्मिनला कधीकधी वाटायचं, तिची ती वेडी आशा होती तेच बरं होतं. निदान शनिवारी तिच्या हातांना काम असायचं.

नोव्हेंबरात व्हिवासचा फोन आला. "मास्तर, यंदा चार कार्यक्रम! लोक वाट बघताहेत."

"एलादियो मेलाय," फेर्मिन म्हणाला. "रेडिओवर सांगा तसं. मी येणार नाही."

"मास्तर, असं करू नका हो. मी इथे लोकांना काय तोंड दाखवू?"

फेर्मिननं फोन ठेवला. मग लाँड्रीत कामाला जायला कोट चढवला.

नाताळ उलटल्यावर एका संध्याकाळी ओफेलियानं त्याला जिन्यात गाठलं. वर कुणी ऐकत नाही ना, हे तिनं आधी पाहून घेतलं.

"बहिणीचा फोन आला होता," ती कुजबुजली. "सांगू की नको, कळेना. एलादियो गायला म्हणे यंदाही, तू इथे असताना. जरा जाड झालाय म्हणाली. पण आवाज..." ती थांबली.

"आवाज काय?"

"गेल्या वर्षीपेक्षा चांगला लागला, असं म्हणाली ती. मी तिला काही बोलले नाही रे."

"बरं केलंस," फेर्मिन म्हणाला.

तो वर गेला. आई खिडकीपाशी बसली होती. दिवा लावलेला नव्हता. "ओफेलिया काय सांगत होती मघाशी?" तिनं विचारलं.

"बहिणीची खुशाली," फेर्मिन म्हणाला आणि त्यानं दिवा लावला. "जेवलीस का?"

"भूक नाही," आई म्हणाली. तरी त्यानं दोन ताटं घेतली, भात गरम केला आणि तिच्यासमोर बसून एकट्यानं जेवला.